ईजीआर बंद केला की पॉवर वाढते? त्या मेसेजबद्दल खुलासा

डिझेल गाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, ईजीआर व्हॉल्वला (एक्झॉस्टचा धूर परत इंजिनात नेणारा व्हॉल्व) प्लेट मारा, म्हणजे त्याचा रस्ता बंद करा, पॉवर वाढते, ॲव्हरेज वाढतं, आणि पीयूसी पास होते म्हणजे सगळं कायदेशीर. प्लेट मारल्याचा खरा फायदा एवढाच की इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या मार्गात, काजळी कमी जमते.

ईजीआर एक्झॉस्टमधला थोडा धूर परत इंजिनात सोडतो, त्यामुळे ऑक्सिजन कमी होतो, डिझेल जळताना तापमान खाली राहतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात, ज्यांचा दम्याच्या माणसांना आणि लहान पोरांना फार त्रास होतो. आता पॉवरचं बघा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बहुतेक वेळा व्हॉल्व स्वतःच बंद करतो, मग प्लेट मारून वाढणार काय? हां, व्हॉल्व उघडाच अडकला असेल तर पिकअप मरतो, काळा धूर येतो, पण तो बिघाड आहे, काढून क्लीनरने साफ करा नाहीतर बदला.

आणि पीयूसी! डिझेलच्या टेस्टला फक्त धुराचा काळेपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, म्हणून प्लेट मारलेली गाडी आरामात पास होते. पण पास झाली म्हणजे कायदेशीर झाली असं नाही, प्रदूषणाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वर बऱ्याच गाड्यांत चेक इंजिन लाइट लागतो, पी०४०१ (ईजीआरचा प्रवाह कमी) हा एरर कोड येतो, मग तो घालवायला रिमॅपचा, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलायचा, खर्च वेगळाच. ज्यांनी प्लेट मारलीय त्यांनी प्लीज काढून घ्या, काम फार मोठं नाहीये.