डोंगल लावला, सीसी टाकला, ॲव्हरेज अचूक? नाही हो

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: "पाचशेचा ओबीडी डोंगल लावा, ॲपमध्ये इंजिनचा सीसी टाका, ॲव्हरेज थेट ईसीयूमधून येतं त्यामुळे कॅलिब्रेशनची गरज नाही. खात्री करायची तर १ लिटर पेट्रोल टाकून गाडी बंद पडेस्तोवर चालवा." हा डोंगल, म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये लावायचं आणि इंजिनचे आकडे मोबाइलला पाठवणारं छोटं यंत्र, माझ्याकडेही आहे, आवडतो पण, तरी यातलं जवळपास प्रत्येक वाक्य गंडलंय.

"थेट ईसीयूमधून", म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधून म्हणे. अहो, किती पेट्रोल गेलं हा आकडा बऱ्याच गाड्या डोंगलला देतच नाहीत, ॲप इंजिनात किती हवा गेली ते बघतं आणि १४.७ ने भागतं, कारण १ ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा लागते असं धरलेलं असतं. त्यातही बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा मोजणारा मॅफ सेन्सरच नसतो, मग मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतलं) प्रेशर, आरपीएम, हवेचं टेंपरेचर आणि तुम्ही टाकलेला सीसी यावरून अंदाज, वर व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सीचा (सिलिंडर प्रत्यक्षात किती टक्के हवेने भरतो त्याचा) एकच आकडा ठोकून दिलेला. आणि आता पंपावर मिळतं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्याला १३.५ च्या आसपास हवा पुरते. ॲप १४.७ नेच भागत बसलं की पेट्रोल ७-८ टक्के कमी मोजलं जातं, ॲव्हरेज फुगतं, आपण खूश! डिझेलवाल्यांनी तर या गणिताच्या नादी लागूच नये, तिथे हवा आणि डिझेलचं प्रमाण सारखं बदलत असतं.

१ लिटरवाली टेस्ट प्लीज करू नका. गाडीतला पेट्रोल ओढणारा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, तो कोरडा चालवून कशाला जाळायचा? त्यापेक्षा टाकी फुल ते टाकी फुल करा, तोच पेट्रोल पंप, तेच नोझल, पहिल्या ऑटोकटला (नोझल आपोआप बंद होतं तेव्हा) थांबायचं आणि पोरगा "राउंड फिगर करू का साहेब" म्हणाला की ठाम नाही म्हणायचं. ऑटोकट अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतोच, ५ लिटरवर १ लिटरची चूक म्हणजे २० टक्के, ३५ वर ३ टक्क्यांच्या आत. तीन-चार टाक्यांची बेरीज घ्या. समजा ॲप म्हणतंय ९० लिटर गेलं आणि बिलांवर ९९, तर ॲपच्या लिटरला १.१ ने गुणायचं, हाच तुमचा फॅक्टर.

किलोमीटरचंही तेच, ते हायवेच्या दगडांशी ताडून बघा. टायर झिजला की १-२ टक्के तिथेच जातात.

"एकदा फॅक्टर टाकला की कायमचं काम झालं" असंही कोणीतरी खाली जोडलंय. टाकीभरचा हिशोब जुळेल, पण स्क्रीनवर त्या क्षणाला जो आकडा नाचतो तो नाही. लोणावळ्याहून खोपोलीकडे गिअरमध्ये, पाय सोडून उतरताना ईसीयू पेट्रोल बंद करतो, पण हवा चालूच असते, त्यामुळे माझं ॲप पेट्रोल जळतंय म्हणून दाखवतं. जाळू दे बापडं.