कोपरखैरण्याच्या काकांना उत्तर: माझ्या माती-मिश्रणात नेमकं काय बिघडलं

काका (तुम्ही रिटायर्ड आहात असं लिहिलंय म्हणून काका म्हणते, चालेल ना), तुमची कमेंट काल रात्री वाचली आणि सकाळी परत दोनदा वाचली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काकांनी माझी "माती, खत, कोकोपीट" वाली पोस्ट वाचून रो-हाऊसच्या अंगणात कोब्यावर 4 बाय 2 फुटाचा, फूटभर उंचीचा विटांचा वाफा केला. 10 किलो लाल माती, 10 किलो गांडूळखत आणि 5-5 किलोच्या दोन कोकोपीटच्या (म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा) विटा घातल्या, ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिरची आणि टोमॅटो लावले. महिन्याभरात खालची पानं पिवळी, पानांच्या कडा जळलेल्या, वर पांढरट थर, आणि साडेचार हजार रुपये गेले. शेवटी लिहिलंय की "आमच्या वडिलांनी रोह्याला नुसत्या मातीत वांगी-मिरच्या काढल्या, तुमचं हे कोकोपीट म्हणजे फॅड आहे, लोकांना उगाच खर्चात पाडू नका."

पहिली गोष्ट, चूक माझी आहे. मी पोस्टमध्ये "भाग" असं लिहिलं पण भाग म्हणजे वजन की माप हे कुठेच लिहिलं नाही. माझ्या डोक्यात बादली होती, कारण मी कायम बादलीनेच मोजते, पण वाचणाऱ्याला ते कसं कळणार! तुम्ही वजनाने घेतलं, आणि दुकानात सगळं किलोवरच मिळतं त्यामुळे कोणीही तसंच घेतलं असतं.

आता त्याने काय झालं बघा. 5 किलोची कोकोपीटची वीट भिजली की फुगून साधारण 70 लिटर होते. दोन विटा म्हणजे 140 लिटर. 10 किलो लाल माती म्हणजे जेमतेम 8 लिटर, आणि 10 किलो गांडूळखत म्हणजे 15 लिटरच्या आसपास. तुमचा वाफा आहे 8 घनफूट, म्हणजे साधारण 225 लिटरचा. तुम्ही लिहिलंय "एवढं घालूनही वाफा पाऊणच भरला", आणि 140 अधिक 8 अधिक 15 केले तर 163 होतात, म्हणजे बरोबर पाऊण वाफा. ते वाक्य वाचलं आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. तुमच्या वाफ्यात शंभरातला पंच्याऐंशी भाग कोकोपीट आहे काका. त्याला माझं मिश्रण म्हणताच येणार नाही, ते नुसतं कोकोपीट आहे आणि वर चवीपुरती माती.

आणि नुसत्या कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं. जे 15 लिटर खत होतं त्यातलं नत्र रोपांनी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उचललं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्या पानाला देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात, शिरांसकट पूर्ण पिवळी. तुम्ही व्हिडिओ बघून दोन वेळा इप्सम सॉल्ट (म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट) दिलंत म्हणालात, पण मॅग्नेशियम कमी असलं तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. तुमच्या वर्णनात तसं नाहीये, त्यामुळे इप्सम बंद करा, त्याने क्षार वाढण्यापलीकडे काही होणार नाही.

क्षारांवर जरा सविस्तर लिहिते कारण कडा जळणं आणि तो पांढरा थर त्यांचाच आहे. नारळाची सोडणं (वरची जाड साल) काथ्या काढायला बऱ्याच ठिकाणी खाऱ्या पाण्यात कुजवतात, आणि मुळात सोडणातच पोटॅश आणि सोडियम भरपूर असतं. चांगल्या कंपन्या धुऊन विटा बनवतात, स्वस्तातल्या बऱ्याचदा न धुतलेल्या असतात. शिवाय कोकोपीटची एक खोड आहे, ते पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम-पोटॅश सोडतं. आपल्याकडे नळाला धरणाचं पाणी येतं, तुमच्याकडे मोरब्याचं, ते हलकं पाणी, त्यात कॅल्शियम मुळातच कमी. त्यामुळे झाडाला दोन्ही बाजूंनी मार. घरी आरओवाल्याचं टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर नळाच्या पाण्याचा आकडा घ्या आणि मग वाफ्याच्या भोकातून गळणाऱ्या पाण्याचा घ्या. फरक बघून तुम्हालाच पटेल.

पाण्याचं पण सांगते. तुम्ही सकाळ-संध्याकाळ पाणी देताय कारण "वरून कोरडं दिसतं". कोकोपीट वरून लगेच फिकट पडतं हो, पण बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला आणि मूठभर काढून दाबा, बोटांच्या फटीतून पाणी येईल बघा, ऑक्टोबर हीटमध्येसुद्धा. खाली मुळं पाण्यात बसलीत आणि वर आपण झारी घेऊन उभे, हे मी माझ्या नौपाड्याच्या बाल्कनीत पहिल्या वर्षी केलंय आणि सहा टोमॅटो घालवलेत, म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

आता वडिलांच्या मातीबद्दल. त्यांचं अजिबात चुकलं नव्हतं. पण रोह्याच्या परसात मातीखाली अजून माती होती, पाणी खाली खाली जात राहतं. वाफ्याला किंवा कुंडीला तळ असतो आणि तळाशी ओलीचा एक थर अडकूनच राहतो, भोकं असली तरी. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की तोच उभा करा, परत पाणी गळेल. उंची वाढली की जास्त पाणी निघतं, इतकं साधं आहे. म्हणूनच तळाला तीन इंच खडी घालू नका असं मी लिहिलं होतं, खडीने तो ओला थर जात नाही, उलट वर सरकून मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर एक खापरी ठेवणं वेगळं, ती माती अडवायला, ती जरूर ठेवा. आणि नुसती लाल माती वाफ्यात भरली तर दोन महिन्यांत विटेसारखी बसते, म्हणून तिला मोकळी ठेवायला काहीतरी लागतंच. कोकोपीटचं काम तेवढंच, दहा बादल्यांत दोन बादल्या.

जे गच्चीवर करणार आहेत त्यांच्यासाठी इथेच सांगून टाकते, फूटभर ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला 400-450 किलो सहज होतं, आणि आपल्या बांधकामाच्या मानकात (आयएस 875) वावर असलेल्या गच्चीला 150 किलोच धरलेत. त्यामुळे गच्चीवर हे माप चालणार नाही, तिथे उथळ आणि हलकंच हवं, आणि आधी सोसायटीच्या इंजिनिअरला विचारा.

काका, तुमचा वाफा जमिनीवर आहे, तुम्हाला ती चिंता नाही. तर असं करा. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घ्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर रोपं मुळांच्या गड्ड्यासकट काढून सावलीत ठेवा. वाफ्यातलं सध्याचं मिश्रण दोन बादल्या ठेवा, बाकी सहा बादल्या बाहेर काढा. ते फेकू नका, पाण्याने दोन-तीनदा धुवा, चहासारखं पाणी येणं थांबलं की वाळवून गोणीत भरा, पुढची दोन वर्षं रोपं करायला पुरेल. वाफ्यातल्या दोन बादल्याही तशाच धुऊन घ्या. मग चार बादल्या लाल माती, तीन बादल्या गांडूळखत, एक बादली भाताचं तूस. झाल्या दहा बादल्या, 200 लिटर. दोन मुठी जिप्सम मिसळा, कॅल्शियम मिळतं आणि सोडियम सुटून पाण्याबरोबर निघून जातं. निंबोळी पेंड असेल तर ती पण एक-दोन मुठी.

"पुढच्या वेळी मागच्या प्लॉटमधलीच माती आणीन" असं तुम्ही रागात लिहिलंय, ते मात्र कृपा करून करू नका. तुमच्याकडची बरीचशी जमीन खाडीलगत भराव घालून केलेली, वर मुरूम आणि डेब्रिज, खाली खारी चिकणमाती, म्हणजे परत क्षारच.

खताच्या बाबतीत अजून एक काम करा, नवीन गोणी उघडली की लगेच वाफ्यात ओतू नका. दोन वाट्या घ्या, एकीत खत आणि धुतलेलं कोकोपीट निम्मं-निम्मं, दुसरीत नुसतं धुतलेलं कोकोपीट. दोन्हीत वीस-वीस हळीव पेरा आणि ओलसर ठेवा. डिंकाच्या लाडवात घालतो तेच हळीव, किराणावाल्याकडे मिळतात, दोन-तीन दिवसांत उगवतात. चौथ्या दिवशी मोजा. खताच्या वाटीत निम्मेच आले किंवा एखादं उपटल्यावर मुळाचं टोक तपकिरी दिसलं तर ते खत कच्चं आहे, झाकून महिनाभर ठेवा. कच्चं खत वाफ्यात गेलं की कुजताना रोपांचंच नत्र खातं आणि परत तीच पिवळी पानं.

मिरचीची शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळलीत असंही लिहिलंय, ते मातीचं नाही, ते थ्रिप्स. पानाखाली भिंगाने बघा, बारीक पिवळसर किडे दिसतील. निंबतेल फवारा, संध्याकाळी.

जुनी पोस्ट मी आत्ताच दुरुस्त केलीय, "भाग" काढून सगळीकडे "बादली" केलंय आणि वर लाल अक्षरात कोकोपीट धुवायचं लिहिलंय. टोमॅटो वाचतील असं मला वाटतं, खोडाला खालपर्यंत हिरवेपणा असेल तर नक्कीच, लावताना दोन पानं मातीत जातील इतकं खोल लावा, खोडाला नवीन मुळं फुटतात. मिरची तेवढी खोल लावू नका. पंधरा दिवसांनी नवीन पानाचा फोटो टाका, जुन्या पानाचा नको, जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत.