गुडघ्याला गुडघा लावून

मनुष्यप्राणी दोन पायांवर चालतो, असे शाळेत शिकवले जाते आणि पुढे गर्भारपणाच्या सहाव्या महिन्यापर्यंत ते खरेही वाटते. प्रत्यक्षात चालण्याच्या एका पूर्ण चक्रातला सुमारे ८० टक्के काळ आपला कोणता तरी एकच पाय जमिनीवर असतो आणि दुसरा हवेत. जिना चढताना, रिक्षात शिरताना, न्हाणीघराचा उंबरा ओलांडताना, इतकेच काय, डास चावलेली पोटरी दुसऱ्या पायाने खाजवतानाही आपण सारा भार एका बाजूवर टाकून मोकळे होतो. हा हिशेब मला कोणी समजावून सांगितला नव्हता. तो माझ्या दोन जांघांच्या मधोमध असलेल्या एका सांध्याने परस्पर मांडायला घेतला आणि मी पाय उचलला रे उचलला की तो पावती फाडू लागला.

या दुखण्याचे वैशिष्ट्य असे की, ते सांगण्यासारख्या जागी नसते. आपल्याकडे दुखण्यांच्या प्रतिष्ठेलाही उतरंड आहे. डोके, पाठ आणि गुडघे यांची दुखणी चारचौघांत, प्रसंगी जेवणाच्या पंगतीतसुद्धा, सविस्तर सांगता येतात. कंबर थोडा आवाज उतरवून सांगितली तर चालते. पण कंबरेच्या खाली आणि गुडघ्यांच्या वर जो मुलूख आहे, त्याची मध्यमवर्गीय मराठी घराच्या दप्तरी नोंदच नाही. त्यामुळे "काय होतंय गं?" असे सासूबाईंनी विचारल्यावर मी "कंबर धरलीय" एवढेच सांगितले आणि त्या क्षणापासून माझ्या संपूर्ण निर्दोष कंबरेवर उपचार सुरू झाले. तिला तिळाचे तेल लागले, तव्यावर तापवलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक मिळाला आणि शेजारच्या काकूंनी तर एरवी बाळंतिणीलाच मिळणारे डिंकाचे लाडू तिच्या नावाने आगाऊ पाठवून दिले. कंबर तुकतुकीत झाली. पुढचा सांधा कोणाच्याच खिजगणतीत नसल्यामुळे अधिकच चिडला.

डॉक्टर मॅडमना मात्र हा मुलूख पाठ होता. कंबरेखालच्या पिंजऱ्यात दोन बाजूंची दोन मोठी हाडे आणि मागे त्रिकास्थी असते. ही दोन हाडे पुढे एका सांध्याने एकमेकांना आणि मागे दोन सांध्यांनी त्रिकास्थीला जोडलेली असतात. पुढच्या सांध्यात एरवीही चार-पाच मिलिमीटरची फट असते आणि गर्भारपणात ती आणखी दोन-तीन मिलिमीटर रुंदावते. मराठी संसारात इतक्या बारीक फटीवरून एवढा कलह मी तरी पाहिलेला नव्हता. साधारण पाच गर्भवतींपैकी एकीला हा त्रास होतो, त्याला पेल्व्हिक गर्डल पेन म्हणतात आणि बाळाला त्याची काहीही झळ लागत नाही, असे त्यांनी सांगितले. मी ताबडतोब रिलॅक्सिन नावाच्या हार्मोनवर आळ घेतला, कारण त्याच्याविषयी मी रात्री वाचून ठेवले होते. त्यावर मॅडम म्हणाल्या, की रिलॅक्सिन सांध्यांचे बंध सैल करते हे खरे, पण त्याचे प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असते आणि दुखणे बहुधा नंतर सुरू होते. शिवाय रक्तात तितकेच रिलॅक्सिन असलेल्या कित्येक जणी मजेत हिंडत असतात. सांधे दोन्ही बाजूंनी सारखे न हलणे, वाढलेले वजन आणि बदललेला तोल यांचाही त्यात हात असतो. थोडक्यात, दोषी एकटा नव्हता आणि मला सगळा राग एकाच ठिकाणी काढण्याची सोय उरली नाही. ताप, रक्तस्राव, लघवीची जळजळ किंवा ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा यांपैकी काही असेल, तर ते सांध्याच्या माथी न मारता तडक निघून यायचे, अशी तंबीही त्यांनी दिली. विनोदी लेखातही एवढे वाक्य गंभीरपणे लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्यांनी मला फिजिओथेरपिस्टकडे धाडले. तिने ओटीपोटाच्या तळाचे आणि नितंबांचे सौम्य व्यायाम शिकवले आणि नंतर एक आचारसंहिता सांगितली, जिचा सारांश असा, की यापुढे माझे दोन गुडघे एकमेकांना सोडून कोठेही जाणार नाहीत. पावले लहान टाकायची. उकिडवे बसायचे नाही. मांडी घालायची नाही. पायाने दार लोटायचे नाही. जड वस्तू ढकलायची नाही. आणि कपडे बसून घालायचे.

हे शेवटचे कलम ऐकायला सोपे वाटते. आजवर मी सलवार उभ्याने, बहुतेकदा दुसऱ्या हाताने डबा भरता भरता घालत आले होते. आता पलंगाच्या कडेला बसून ती जमिनीवर पसरायची, दोन्ही पायमोहोऱ्यांची तोंडे आपल्याकडे करायची आणि दोन्ही पाय एकाच वेळी आत सोडायचे, अशी नवी पद्धत ठरली. अडचण इतकीच, की मधल्या पोटामुळे सलवार मला दिसत नव्हती. मी अंदाजाने पाय सोडत असे आणि ते दोन्ही पाय, त्यांना मिळालेल्या एकोप्याच्या शिकवणीनुसार, एकाच मोहोरीत जात असत. मग नवऱ्याला हाक मारावी लागे. तो बिचारा जमिनीवर बसून "डावा जरा डावीकडे, नाही, तुझा डावा" असे मार्गदर्शन करी. साडी का नेसत नाहीस, हा सासूबाईंचा प्रश्न या काळात मला प्रथमच शास्त्रशुद्ध वाटला. साडी नेसायला पाय उचलावा लागत नाही.

रात्रीची गोष्ट याहून वेगळी. कुशीवर झोपायचे आणि गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये उशी ठेवायची, हा नियम चांगला आहे आणि तो पाळल्याने खरोखर आराम पडतो, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण कूस बदलायची वेळ आली, की कल्याणच्या यार्डात मालगाडीचे शंटिंग चालावे तसा प्रकार सुरू होई. आधी उशी घट्ट दाबून धरायची, मग गुडघे एकत्र वर घ्यायचे, मग खांदे, पोट आणि गुडघे असा सगळा ऐवज एकाच वेळी वळवायचा. तो वळत असताना आत कोठेतरी 'कट्' असा आवाज येई, तो मला ऐकू येई आणि माझी खात्री आहे, की खालच्या मजल्यावरही जात असावा. एवढे करून स्थिरस्थावर व्हावे, तर लघवीला जायची आठवण होई. पोटाशी, पाठीशी आणि पायांत मिळून इतक्या उशा जमल्या, की नवरा आधी पलंगाच्या कडेला, मग सतरंजीवर आणि शेवटी बाहेरच्या दिवाणावर गेला. कूस बदलताना त्याची मदत लागे, तेव्हा मी त्याला मोबाइलवरून बोलावत असे. एकाच घरात एवढा दूरध्वनी-व्यवहार आमच्या साखरपुड्यानंतरच्या काळातही झाला नव्हता.

आम्ही डोंबिवलीत राहतो. इमारत जुनी, मजला तिसरा आणि लिफ्ट नाही. जिन्याचा नियम असा, की एका वेळी एकच पायरी, चढताना बरा पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी. घरच्या जिन्यावर हे डौलात करता येते. सकाळच्या गर्दीत डोंबिवली स्थानकाच्या पुलावर एका पायरीवर दोन्ही पाय जुळवून क्षणभर थांबणे, ही मात्र सामाजिक क्रांती आहे. माझ्या मागे आख्खी रांग थबके. कोणीतरी "चला, चला" म्हणे, मी वळे, पोट दिसे आणि तोच आवाज "सावकाश, ताई" असा होई. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींनाही बसता येते आणि तेथपर्यंत पोहोचले की प्रवास सुसह्य होतो. फलाट आणि डब्याचे पाऊठाण यांमधले अंतर मात्र कोणत्याही फिजिओथेरपिस्टला विचारून ठेवलेले नाही.

रिक्षासाठी वेगळी युक्ती होती. आधी सीटवर टेकायचे, मग गुडघे जुळवून दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरली, तर घसरून वळणे सोपे जाते. आमच्याकडच्या शेअर रिक्षांत मी रोज पर्समधून पिशवी काढून सीटवर अंथरू लागले, तेव्हा एका रिक्षावाल्याने अतिशय दुखावलेल्या स्वरात "ताई, सीट सकाळीच पुसलीय" असे सांगितले.

या सगळ्या काळात सल्ल्यांचा तुटवडा कधी पडला नाही. माझ्यासाठी एका पायावर तयार असलेल्या सर्व नातेवाइकांचे एका गोष्टीवर एकमत होते, की मी उकिडवे बसून लादी पुसावी, म्हणजे सगळे मोकळे होते. मोकळे होते म्हणूनच तर दुखत होते. आमच्या आत्याबाईंनी आणखी पुढे जाऊन, उजवीकडे जास्त दुखते की डावीकडे, अशी चौकशी केली आणि त्यावरून मुलगा की मुलगी हे सांगण्याची तयारी दाखवली. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४चा आहे. त्यात सोनोग्राफीचा बंदोबस्त आहे, आत्याबाईंचा नाही. "मधोमध दुखतंय" या माझ्या उत्तराने मात्र त्यांचे शास्त्र कुंठित झाले.

डॉक्टरांच्या सल्ल्याने पट्टा आणला. तो पोटावर नव्हे, तर पोटाच्या खाली, नितंबांच्या हाडांभोवती बांधायचा असतो. त्याने चालताना निश्चित फरक पडला, पण बाळाला फास बसेल म्हणून सासूबाई तो दिवसातून अनेकदा सैल करून जात. गोळीच्या बाबतीतही डॉक्टरांनी विचारून पॅरासिटामॉल घेण्याची मुभा दिली आणि घरातल्या डब्यातली आयब्युप्रोफेनची पाकिटे माझ्या वाटेतून हलवायला लावली. विसाव्या आठवड्यानंतर तर ते टाळायचेच असते. ती पाकिटे सासूबाईंनी स्वतःच्या गुडघ्यांसाठी आनंदाने जप्त केली.

डोहाळजेवणाला पाटाऐवजी खुर्ची मिळवण्यासाठी मला बरीच वाटाघाट करावी लागली. फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसणे हे चित्रात फार नाजूक दिसते. झोपाळा हलतो आणि त्याला थांबवायला आपण नकळत एक पाय पुढे टाकतो, हे चित्रात येत नाही. छायाचित्रकार "मॅडम, एक पाय थोडा पुढे, वजन मागच्या पायावर" असे सांगत होता आणि मी प्रत्येक छायाचित्रात दोन्ही पाय जुळवून, कवायतीला उभी असल्याप्रमाणे सावधान आहे. पेढा-बर्फीच्या वाट्या समोर आल्या, तेव्हा त्या जमिनीवर ठेवलेल्या होत्या. मी वाकले नाही. नणंदेने दोन्ही वाट्या उचलून वर धरल्या आणि मी दोन्ही खाल्ल्या.

नवव्या महिन्यात डॉक्टर मॅडमनी शेवटचे काम सांगितले. उताणे झोपून किंवा खुर्चीच्या कडेला बसून, न दुखता गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात ते मोजायचे आणि तो आकडा फाइलमध्ये लिहून ठेवायचा, म्हणजे प्रसूतीच्या वेळी कोणी पाय त्यापलीकडे ताणणार नाही, आणि वाटल्यास कुशीवरही बाळंत होता येते. ही व्यवस्था मला इतकी शहाणपणाची वाटली, की त्याच संध्याकाळी नवऱ्याने शिलाई मशीनच्या खणातून मापाची टेप काढली. मी खुर्चीत, तो जमिनीवर, टेपचे एक टोक एका गुडघ्याला आणि दुसरे दुसऱ्याला, आणि नेमक्या त्या वेळी सासूबाई दारात.

"कशाचं माप चाललंय रे?"

दप्तरी नोंद नसलेल्या मुलुखाचे माप आहे, असे आईला सांगण्याची नवऱ्याची छाती झाली नाही. "पडद्याचं, आई," तो म्हणाला.

त्यांनी टेपकडे, माझ्या गुडघ्यांकडे आणि मग खिडकीकडे पाहिले आणि जाता जाता म्हणाल्या, "चार बोटं जास्तच धर. पहिल्या धुण्याला आटतं."