पोचपावती

फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात तिघे महाराष्ट्रातले होते. आमच्या सांगलीच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस त्यांना घातलेल्या बेड्यांवरून रणकंदन माजलं. निम्म्यांच्या मते देशाचा अपमान झाला होता. थोरल्या दादाचं गणित सोपं: "घुसले, पकडले, पाठवले. रडायचं काय त्यात?" मी न्यू जर्सीत तेवीस वर्षं आहे, माझे कागद चोख आहेत, तेव्हा मनातून मला दादाचंच पटत होतं. रांगेत उभं राहून आलेल्याला रांग मोडणाऱ्याचा राग जरा जास्तच येतो.

मग एडिसनला मी भाजी घेतो त्या दुकानातल्या पोराने गल्ल्यावरून एक पाकीट पुढे सरकवलं. मेहसाण्याकडचा, आश्रयासाठी अर्ज केलेला. "अंकल, जरा वाचून सांगा ना." सुनावणीला हजर नव्हता म्हणून त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा आदेश निघाला होता. खोली बदलल्यावर पत्ता बदलल्याचा फॉर्म त्याने वेळेत भरला होता, पोचही जपून ठेवली होती. तरी तारखेची नोटीस जुन्याच पत्त्यावर गेली.

अशा वेळी आदेश देणाऱ्या इमिग्रेशन न्यायाधीशाकडेच परत जाता येतं. निकालातली चूक दाखवायला 30 दिवस, नवा पुरावा असेल तर साधारण 90. गैरहजेरीतल्या आदेशाला गंभीर आजारासारखं कारण असेल तर 180 दिवस मिळतात, आणि नोटीस पोचलीच नसेल तर मुदतीची अटच नाही. गैरहजेरीचा आदेश रद्द करा असा अर्ज पहिल्यांदा दाखल झाला, की न्यायाधीशाचा निर्णय होईपर्यंत हद्दपारी आपोआप थांबते. बाकीच्या फेरअर्जांना सहसा हे कवच नाही. अर्ज पडून असतानाच माणसाला विमानात बसवलं जाऊ शकतं.

हे सगळं आदर्श आहे असं मुळीच नाही. या कोर्टाला कोर्ट म्हणतात, पण ते न्यायखात्याच्या पोटातलं. न्यायाधीश त्या खात्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या हाताखालचे. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. 2025 साली बहुतेक फेरअर्जांवर 900 डॉलरची नवी फी बसली. आणि कीस किती पाडावा? 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने एक खटला इंग्रजीतल्या 'ए' या एका अक्षरावर निकाली काढला: कायदा 'ए नोटीस' म्हणतो, म्हणजे सुनावणीला बोलावणाऱ्या नोटिशीतली सगळी माहिती एकाच कागदावर हवी. (मराठीत हे आर्टिकल नाहीच, आपल्याकडे वकिलांनी काय केलं असतं कोण जाणे.) 2024 मध्ये त्याच कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं, की पहिली नोटीस अपुरी असली तरी तारीख नंतर रीतसर कळवली असेल, तर त्या कारणाने गैरहजेरीतला आदेश रद्द होत नाही. पोराचा सगळा भार उरला तो त्या एका पोचपावतीवर.

दादा याला पळवाट म्हणाला. पळवाट पळणाऱ्याला लागते. हा तर आपण होऊन कोर्टात परत गेला.

2025 च्याच जूनमध्ये इकडे भारतात मीरा रोडला काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकललं. माणूस भारतीय होता. पश्चिम बंगाल सरकारने हालचाल केली, तेव्हा कुठे परत आला. बीरभूमच्या एका गरोदर बाईला दिल्लीतून उचलून थोड्याच दिवसांत पलीकडे पाठवलं. कलकत्ता हायकोर्टाने सप्टेंबरमध्ये ती हद्दपारी रद्द केली, ती घरी पोचली डिसेंबरात. दाद मागायची ती माणूस देशाबाहेर गेल्यावर! ग्रुपवर वाद मात्र एवढाच, की हे घुसखोर आहेत का. ते ठरवलं कोणी, कशावरून, आणि चुकलं तर पाठवण्याआधी त्या माणसाने कुणाचं दार ठोठवायचं, हे कुणी विचारलं नाही. पाकीट हातात पडेपर्यंत मीही विचारलं नव्हतं.

मी गवंड्याची बातमी दादाला पाठवली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: "आधार कार्ड नव्हतं का त्याच्याकडे?" होतं, दादा.

इकडे पोराचा आदेश रद्द झाला, केस पुन्हा उघडली. आश्रयाचा दावा तो हरेलही. त्याची गोष्ट मला स्वतःला फार भक्कम वाटत नाही. तारीख लांबची पडली आहे. मध्ये त्याने पुन्हा खोली बदलली, आणि या वेळी पोचपावतीच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक माझ्याकडे ठेवायला दिली आहे.