दहावं वचन कुठे गेलं?
खऱ्या विश्वासणाऱ्याचं तारण (पापातून सुटका) कायम टिकतं, या ख्रिस्ती शिकवणीवरचा लेख वाचला. लेखकाने बायबलमधलं इफिस २:८-९ (तारण कृपेने, कर्मांनी नाही) देऊन ‘एकदा तारण झालं की कसंही वागा, ते जात नाही’ असा या शिकवणीचा अर्थ लावलाय. पुढचंच १०वं वचन का गाळलं? आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलंय, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथेच सांगतो. ही शिकवण मांडणाऱ्या नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या प्रोटेस्टंट धर्मसभेनेही (१६१८-१९) घसरलेल्या विश्वासणाऱ्याला देव पश्चात्तापाकडे परत आणतो असंच मांडलंय. मोकाट सोडलेलं नाही.

पुण्यात कॅम्पातल्या आमच्या आजीच्या शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, या दहाव्या वचनाखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. रविवारी उपासना आटोपली की ती ससून रुग्णालयात कुणा ना कुणासाठी डबा न्यायची. ‘तारण मिळावं म्हणून नाही रे, मिळालंय म्हणून,’ म्हणायची. रिकामा डबा आणायला मात्र मला पिटाळायची, भर उन्हात!