950 रुपयांच्या शिराझबद्दल

नमस्कार. गेल्या रविवारी तुम्ही आमच्या टेस्टिंग रूममध्ये शिराझ या लाल वाईनचा 250 रुपयांचा ग्लास घेतलात आणि दोन स्टार देऊन लिहिलंत, 'आंबट, तुरट, 950ची बाटली घ्यायच्या लायकीची नाही.'

आंबट होती, हे खरंच. तुमचं वाचून काउंटरमागची तीच बाटली शोधली. उघडली त्या दिवसाची तारीख आम्ही चिठ्ठीवर लिहितो. चिठ्ठीवर गुरुवार होता. तळाशी दोन बोटं वाईन उरलेली. हुंगली तर काळं पडलेल्या सफरचंदाचा वास, आणि घोट घेतला तर मागून सरळ व्हिनेगर. मे महिन्यात चार दिवस बाहेर राहिल्यावर दुसरं काय होणार! ओतणाऱ्या पोराची चूक नाही. ओतण्याआधी चाखून बघायचं असतं, हे त्याला मीच सांगितलं नव्हतं.

तुरटपणाचं मात्र मला पटत नाही. आमच्याकडे दिंडोरीत थॉमसन द्राक्षांची बागही आहे. तो खायचा माल, बी नाही, साल पातळ. शिराझ द्राक्षाचा दाणा बारीक, साल जाड, आत बिया. लाल वाईन सालीसकट आंबवतात, म्हणून रंग येतो आणि त्याच्यासोबत तुरटपणाही. नुसती प्यायली की जीभ कोरडी पडते, सुक्या मटणाबरोबर तीच मऊ लागते. फार झणझणीत रस्सा मात्र नको, तिखटावर ती आणखी जळते.

आता 950चं. ही वाईन वर्षभर ओक लाकडाच्या बॅरलमध्ये असते. बॅरल 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्या, आणि त्यातलंही थोडं उडून जातं ते वरून भरत राहावं लागतं. तीन-चार हंगामांत लाकडाची चव संपते, मग नवं बॅरल. हा खर्च किमतीत आहे. ज्याला ओकचा वास आवडत नाही त्याने तो का भरावा, हेही खरं. तुम्हाला आमची 600ची, स्टीलच्या टाकीतली शिराझ जास्त आवडली असती असं मला वाटतं. धंद्याच्या दृष्टीने हे लिहायला नको होतं, पण असो.

बिलाचा फोटो पाठवा, 250 रुपये परत करतो. पुन्हा आलात तर बाटली तुमच्यासमोर उघडू, 16-18 अंशांना थंड केलेली, आणि दोन्ही शिराझ शेजारी-शेजारी ठेवू. शक्यतो रविवार टाळा, गर्दीत मला बसून बोलता येत नाही.