शब्दकोश उघडून बघणाऱ्या पोरीला हसता?

आज भाचीचा फोन आला आणि तेव्हापासून डोकं सणकलंय. इंग्रजीच्या तासाला नवा शब्द आला, 'गलिबल'. कुणीही सहज गंडवावं असा माणूस. सर म्हणाले, "गंमत माहितीये? हा शब्द डिक्शनरीत नाहीच!" पोरीने लगेच डिक्शनरी काढली, पानं उलटली, शब्दावर बोट ठेवलं आणि मान वर करते तर अख्खा वर्ग फिदीफिदी हसतोय. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नावच 'गलिबल' पडलं.

विनोद जुना आहे, ठाऊक आहे मला. पण त्या वर्गात भोळं कोण होतं? स्वतः पान उघडून खात्री करणारी, की शेजारचा हसतोय म्हणून हसणारे? तिने सरांच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही हो, तो तपासला!

आणि फसायला बुद्धी कमी लागते हा समज तर डोक्यातून काढाच. शेरलॉक होम्स लिहिणारा कॉनन डॉयल पेशाने डॉक्टर. १९२० साली त्याने दोन मुलींनी काढलेले पऱ्यांचे फोटो खरे मानून मासिकात लेख लिहिला. त्या पऱ्या कागदाच्या होत्या, टोपीच्या पिनांनी उभ्या केलेल्या! त्या दोघींनी कबुली दिली थेट १९८३ मध्ये. त्याला पऱ्या हव्या होत्या, म्हणून दिसल्या. उलट अमेरिकेत गुंतवणुकीच्या नावाखाली लोकांना गंडवणाऱ्या बर्नी मॅडॉफचे नफ्याचे आकडे जुळूच शकत नाहीत, हे हॅरी मार्कोपोलोस नावाचा आर्थिक विश्लेषक २००० सालापासून सरकारी नियामकाला लिहून कळवत होता. गणित मांडून. कुणी मनावर घेतलं नाही, २००८ मध्ये सगळं कोसळलं.

सर मनाने वाईट नसतील, वर्गात थट्टामस्करी हवीच, मान्य. पण पोरगी मला काय म्हणाली? "मावशी, आता मी काही उघडून बघणारच नाही." पोटात कालवलं माझ्या. शाळेने तिला आज हे शिकवलं!

पुढे हीच लाज मोठेपणी माणसाचं तोंड बंद करते. फसलेली माणसं घरच्यांनाही सांगत नाहीत, तक्रार तर दूरच, कारण "तुला एवढंही कळलं नाही?" हे ऐकायचं नसतं. फसवणारा मोकाट, आणि आपण हसतो कुणाला, तर फसलेल्याला.

माझ्या यादीत शिकवणारे बरेच आहात. हा विनोद खुशाल करा, पण जे पोर पुस्तक उघडेल त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या आणि बाकीच्यांना विचारा, तुम्ही का नाही उघडलंत?